खुलासा : शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले इतरांहून पापी नव्हते

भूकंप किंवा पूर आला की ख्रिस्ती ग्रुपांवर एक संदेश फिरतो : ‘तिथल्या लोकांच्या पापांमुळे देवाने शिक्षा केली, लूक 13 मध्ये येशूनेच तसे सांगितले आहे.’ हे खरे नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या त्या तेराव्या अध्यायात येशूने याच्या नेमके उलट सांगितले आहे.

शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती, असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. त्यानंतरचे पश्चात्तापाचे बोलावणे ऐकणाऱ्यांना, म्हणजे जिवंत राहिलेल्यांना आहे. संदेशात नेमका हा ‘नाही’ गाळलेला असतो.

1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. चर्चमध्ये मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जमलेल्या भाविकांवर छते कोसळली. तरीही गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) धर्मगुरूंनी पुढच्या वर्षी लिहिले की कारण शहराचे पापच. ढिगाऱ्यात आप्त शोधणाऱ्यांना हे ऐकवणे क्रूर होते, आणि आजही आहे.

बायबलमध्ये न्यायाची भाषा नाही, असे मी म्हणत नाही, योएल संदेष्ट्याचे पुस्तक वाचा. पण दुःखी ईयोबाला पापी ठरवणाऱ्या मित्रांवर देव रागावला, हेही बायबलमध्येच आहे (ईयोब 42:7). बायबलमधले विलापगीत हे पुस्तक तर उद्ध्वस्त यरुशलेमेतून उठलेला आवाज आहे. ‘आम्ही अपराध केला’ ही कबुली (3:42) आणि रोज सकाळी नवी होणारी दया (3:22-23) एकाच अध्यायात आहेत, आणि बोलणारा स्वतः त्या आपत्तीत होरपळलेला आहे.