‘ध्यान करा, गोळ्या सोडा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवरून एक मेसेज आमच्या सोसायटीत पोचलाय. रोज १० मिनिटं सगळे विचार बंद करून बसा, ८ आठवड्यांत मेंदूची रचना बदलेल, झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या सुटतील, आणि ध्यानाचा अपाय कुणालाच होत नाही, असं त्यात म्हटलंय. ध्यानाने मन निवतं याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

‘विचार बंद करा’ हे ऐकूनच बरेचजण ध्यान सोडतात. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सकाळी सतरंजी टाकून बसलं, की चार श्वास होतात न होतात तोच खाली स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजतो. मग दुधाची पिशवी आली का, मग काल ऑफिसात कोण काय बोललं. मन भरकटलंय हे लक्षात आलं की न चिडता पुन्हा श्वासाकडे यायचं. दहादा गेलं तर दहादा यायचं. ध्यान म्हणजे हेच. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून परत आणायला सांगितलंय. मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे, ही अर्जुनाची तक्रारही तिथलीच. या सरावाने काळजीचा विचार येणं थांबत नाही, पण तो आलाय हे दिसतं, आणि त्याच्यामागे फरपट कमी होते. शिवाय श्वास संथ होऊन उच्छ्वास लांबला, की हृदयाचे ठोकेही मंदावतात.

मेंदूच्या रचनेचा दावा २०११ च्या एका अभ्यासावरून पसरला. त्यात ध्यान करणारे होते १६ जण. २०२२ मध्ये दोनशेहून जास्त लोकांवर तेच तपासलं, तर रचनेत फरक आढळला नाही.

गोळ्यांचं मात्र फार गंभीर आहे. २०२२ मध्येच अमेरिकेत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर चाचणी झाली, आणि ८ आठवड्यांचा ध्यानाचा कोर्स एस्सिटालोप्राम या चिंता-नैराश्यावरच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यांना दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता, घरी रोज पाऊण तास सराव होता आणि तज्ज्ञांची देखरेख होती. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करून मेसेजमधली १० मिनिटं बसणं ही गोष्टच वेगळी. गोळी एकदम थांबवली तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटू शकतो. डोस डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो.

अपायाचं म्हणाल, तर २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात सुमारे ८ टक्के लोकांना त्रास झाल्याचं दिसलं. मुख्यतः चिंता आणि नैराश्य. बसल्यावर घाबरायला झालं तर डोळे उघडा, उठून चाला, शिकवणाऱ्याला सांगा. विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधं विचारलेली असतात. इगतपुरीला किंवा मरकळला जाणार असाल तर तिथे काहीही लपवू नका.