२५२० ही संख्या ‘एकमेव’ नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: १ ते १० या सगळ्या अंकांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, आणि ती रामानुजन यांनी शोधली.

एकमेव नाही, सर्वांत लहान. तिची दुप्पट ५०४० घ्या, तिप्पट ७५६० घ्या. दोन्हींना १ ते १० ने भाग जातो. पुढे कितीही पट करा, तेच.

शोधायचंही काही नाही, हा शाळेतला लसावि आहे. ८ साठी तीन वेळा २, ९ साठी दोन वेळा ३, मग ५ आणि ७. गुणाकार ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ६ आणि १० त्यात आपोआप येतात. ११ ने मात्र भागून बघा, बाकी १ उरते. १ ते २० पर्यंत जायचं तर संख्या थेट २३,२७,९२,५६० होते.

मेसेजमध्ये ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२० हे ‘गूढ’ही असतं. ३० × १२ म्हणजे ३६०. वर्ष एवढ्या दिवसांचं कधीपासून झालं?

रामानुजन यांचा संबंध अगदीच नाही असं नाही. स्वतःहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांचे विभाजक जास्त असतात, अशा संख्यांवर त्यांचा १९१५ सालचा मोठा शोधनिबंध आहे. २५२० तशीच: विभाजक ४८. खरं तर फॉरवर्ड करण्यासारखी गोष्ट हीच होती, नेमकी तीच राहिली.