म्हणे, युरोपात ब्रेड-बटाट्यावर दिवस काढावे लागतात!

गणपती उठले की दर वर्षी एक मेसेज फिरायला लागतो. "युरोपला जोडीने जाताय? आधी हे वाचा." यंदा तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि परवा थोरल्या जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवरही टाकला, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. मागच्या वर्षी हाच मेसेज वाचून मी चाळीस थेपले लाटले होते, तेव्हा माझा राग थोडा वैयक्तिक आहे.

मेसेजाचं म्हणणं थोडक्यात असं. युरोपात शाकाहारी माणसाला ब्रेड, बटाटा आणि गवत याशिवाय काही मिळत नाही. तरी 'व्हेज' एवढं नीट सांगितलं की निभतं. व्हीगन हे श्रीमंतांचं नवं खूळ आहे, मध्यमवर्गाने त्या वाटेला जाऊ नये. तूप, पेढे, कढीपत्ता बरोबर न्यावा. ऑक्टोबरात शहरं बंद असतात. आणि नवरा-बायकोचं खाणं वेगवेगळं असेल तर सहलीचा विचकाच.

आम्ही दोघं मागच्या ऑक्टोबरात सतरा दिवस अथेन्स, फ्लॉरेन्स, वियेना आणि बर्लिन असे फिरून आलो. नवरा चार वर्षांपासून व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, काहीच चालत नाही. मी मालवणची. मासे सोडायला मला कुणी सांगू नये.

आता ब्रेड-बटाट्याचं. हे लिहिणाऱ्याने युरोपात नक्की कुठे जेवण शोधलं असेल, याचा मला अंदाज आहे. देवळापाशी, मनोऱ्यापाशी, जिथे सहा भाषांतली फोटोवाली मेनूकार्डं टांगलेली असतात तिथे. तिथे खरंच ब्रेड-बटाटाच मिळतो. पण अथेन्सच्या साध्या खाणावळीत आम्ही पहिल्या दुपारी बसलो, तेव्हा नवऱ्याला खाता येतील असे सात पदार्थ कार्डावर निघाले आणि त्यातल्या एकावरही 'व्हीगन' लिहिलेलं नव्हतं. कारण ते खाणं व्हीगन या शब्दाच्या कितीतरी आधीचं आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास आपल्या चातुर्मासाला लाजवतील असे असतात. बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे आठवडे, १५ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंतचे चाळीस दिवस. सगळं काटेकोर पाळलं तर वर्षातले दीडशेहून जास्त दिवस भरतात. या दिवसांत मांस, दूध, चीज, अंडी वर्ज्य. त्यामुळे उपासाला चालणाऱ्या पदार्थाला तिथे स्वतंत्र शब्दच आहे: निस्तिसिमो. "हे निस्तिसिमो आहे का?" एवढं एक वाक्य पाठ करून गेलं की म्हातारी मालकीणसुद्धा स्वयंपाकघरात नेऊन पातेल्यांची झाकणं उघडून दाखवते. निदान आम्हाला तरी दाखवली.

त्या पातेल्यांत काय होतं? ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेली फरसबी, वांगी, भेंडी. या प्रकाराला लादेरा म्हणतात. लादी म्हणजे तेल, म्हणजे सरळ 'तेलातल्या भाज्या'. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, म्हणजे येमिस्ता. त्यात खिमा नसला की ग्रीक लोक त्यांना 'अनाथ' म्हणतात, आणि मांसाविना भरलेल्या द्राक्षाच्या पानांना 'खोटारडी'. मेनूवर अनाथ आणि खोटारडे शोधा, पोटभर जेवाल. आणि फावा! सांतोरिनीच्या पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर तेलाची धार आणि कच्चा कांदा. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "हिंग राहिला बघ."

फ्लॉरेन्समध्ये कारण वेगळं, ताट तसंच. तिथे उपासापेक्षा गरिबीने माणसांना भाजी-डाळ खायला शिकवलं. रिबोलिता हा तिथला थंडीतला मुख्य पदार्थ. शिळा पाव, काळसर पानांचा कोबी आणि पांढरे घेवडे एकत्र शिजवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचे. नावाचा अर्थच 'परत उकळलेलं'. शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकणाऱ्या घरातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. शिळ्या पावाचीच दुसरी गंमत टोमॅटोत शिजवलेली, पाप्पा आल पोमोदोरो. चेस्टनटच्या पिठात रोझमेरी, मनुका, चिलगोजे घालून भाजलेला कास्तान्याचो तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भेटतो; दूध नाही, अंडं नाही, बहुधा साखरही नाही. फ्लॉरेन्सहून तासाभराच्या रेल्वेवर पिसा. कलता मनोरा बघा न बघा, पण तिथली चेचिना खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत, भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडं! आम्ही मनोऱ्याकडे पाठ करून ते खाल्लं. उत्तरेला जिनोव्हाकडे हेच फारिनाता होतं आणि फ्रान्सच्या नीसमध्ये सोक्का.

'व्हेज सांगितलं की निभतं' हा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, धोक्याचाही आहे. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला अंडं चालत नाही; युरोपातल्या शाकाहारात अंडं सर्रास बसतं. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या विकराने जमवतात, तसा नियमच आहे, आणि ते पास्त्यावर न विचारता भुरभुरतात. वियेनाची बटाट्याची कोशिंबीर बघा. मेयोनेज नाही, दही नाही, बघून वाटतं किती सात्त्विक! पण ती पारंपरिक रीतीने गोमांसाच्या रस्श्यात मुरवतात. बेल्जियमच्या जुन्या ठेल्यांवरचे फ्राइज गाईच्या चरबीत तळलेले असतात. म्हणजे मेसेजवाल्याने ज्या बटाट्याच्या भरवशावर दिवस काढायला सांगितलं, तोच दगा देणारा. बर्लिनमध्ये 'गेम्यूझे-केबाप' नावाची पाटी दिसली की हुरळू नका. गेम्यूझे म्हणजे भाजी हे खरं, पण आत बहुतेक वेळा कोंबडीच असते, भाजी नुसती सोबतीला.

यावर उपाय सोपा आहे आणि तो दूध-तूप खाणाऱ्यांनाही लागू पडतो: शाकाहारी म्हणू नका, व्हीगन म्हणा. हा एक शब्द बर्लिनपासून फ्लॉरेन्सपर्यंत सारखाच कळतो, आणि अंडं, रस्सा, चरबी, वासराचं विकर हे चारही प्रश्न एकदम मिटवतो. घरी आल्यावर खुशाल तूप खा. दुकानातल्या पाकिटांवर तर अजून सोपं. युरोपियन संघात डिसेंबर २०१४ पासून चौदा ॲलर्जीकारक घटक ठळक दाखवणं बंधनकारक आहे. त्यात दूध, अंडी, मासे, कोलंबी-खेकडे, शिंपले आले. एक चोरवाट मात्र राहते. मांस आणि मध त्या चौदांत नाहीत. त्यामुळे सूपचं पाकीट पूर्ण वाचायचं, ठळक अक्षरांवर थांबायचं नाही.

चहाचंही सांगून टाकते, कारण तो प्रश्न मला तिघींनी विचारलाय. दुकानात 'सोया दूध' शोधाल तर नाव सापडणार नाही. २०१७ मध्ये युरोपियन न्यायालयाने दूध, लोणी, चीज ही नावं वनस्पतींच्या पदार्थांना वापरायला मनाई केली. नारळाच्या दुधासारखे मोजके अपवाद सोडले तर. म्हणून पाकिटावर 'ड्रिंक' लिहिलेलं असतं. ओटचं घ्या, त्यातही कॉफीवाल्यांसाठीचं. आलं घालून उकळलं तरी आमचं फाटलं नाही.

खूळ आणि खर्च. झुरिकमधलं हिल्टल हे शाकाहारी रेस्टॉरंट १८९८ साली सुरू झालं. जगातलं सगळ्यात जुनं, अजून चालू असलेलं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. संधिवाताने बेजार झालेल्या आम्ब्रोसियस हिल्टल या शिंप्याला डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितलं, तो तिथे जेवायला जाऊ लागला आणि पुढे तेच चालवायला घेतलं. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडवला गेला. बेल्जियमच्या गेंट शहराने २००९ पासून गुरुवार हा भाजीचा वार म्हणून ठरवला. आपल्या वारांच्या हिशेबात गुरुवार अगदी चपखल बसतो. बार्सिलोनाने २०१६ मध्ये स्वतःला शाकाहारस्नेही शहर जाहीर केलं. एवढ्या जुन्या प्रकरणाला खूळ म्हणायला धाडस लागतं.

महाग म्हणाल तर हो, महाग जागा आहेत. वियेनाच्या टियानने, बर्लिनच्या कुकीज क्रीमने मांसाशिवाय मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटांना मिळणारा मान, मिळवलाय. तिथे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाच जावं. (आम्ही गेलो नाही. आमचा सव्विसावा होता.) पण रोजचं खाणं? मुख्य जेवण दुपारी घ्यायचं. ऑस्ट्रिया-जर्मनीत कामावरच्या लोकांसाठी दुपारचं ठरावीक ताट असतं, ते रात्रीच्या दरापेक्षा बरंच उतरतं. आणि साध्या खाणावळीत डाळीचा पदार्थ बहुधा मांसाच्या पदार्थापेक्षा स्वस्तच असतो. आमच्या खर्चात सगळ्यात महाग पडलेलं जेवण एका भारतीय रेस्टॉरंटातलं होतं. थकून, हट्टाने गेलो. व्हीगन म्हणून सांगितलेल्या डाळीवर सायीची नक्षी काढून आली.

तूप, पेढे, कढीपत्ता. नेऊ नका हो. युरोपियन संघाबाहेरून प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, चक्का सगळं त्यात आलं. ताजी फळं, भाज्या, पानं यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे कुणी एकादशीला उतरलंच तर सोय आहे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग खुशाल न्या.

'ऑक्टोबरात सगळं बंद' हे बेटांबद्दल असतं तर मी मान डोलावली असती. ग्रीक बेटांवरची हॉटेलं ऑक्टोबर संपता संपता मिटायला लागतात, आणि आल्प्समधल्या बऱ्याच केबल-गाड्या दोन मोसमांच्या मधे दुरुस्तीला थांबतात. पण शहरं? शहरांत तेव्हाच जीव येतो. उन्हाळी सुट्टीवरून लोक परतलेले असतात, संगीताचे कार्यक्रम सुरू झालेले असतात, आणि खाणाऱ्यासाठी तर हा सुगीचाच मोसम. वियेनात कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. कागदी पुडी, गरम सालं, बोटं काळी होतात. मला पुण्यातल्या भाजक्या शेंगांची आठवण झाली आणि उगाच गप्प व्हायला झालं. लाल भोपळा बर्लिनमध्ये सूपमध्ये, पावात, रिसोत्तोत, इतका की चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "आता पितृपक्ष पुरे."

खऱ्या अडचणी मेसेजात नाहीतच. रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत किराणा दुकानं बंद असतात; शनिवारीच फळं, पाव, हमस घेऊन ठेवा, नाहीतर मोठं रेल्वे स्टेशन गाठावं लागतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्या दिवशी बर्लिनमध्ये पावणेपाचलाच दिवस मावळला आणि आमचा पुढचा सगळा कार्यक्रम अंधारात सापडला.

राहता राहिलं नवरा-बायकोचं वेगळं खाणं. अथेन्समधल्या त्याच खाणावळीत मी मालकीणबाईंना विचारलं, मला मासे मिळतील का. त्यांनी निस्तिसिमोच्याच यादीवर बोट ठेवलं: ऑक्टोपस. म्हणजे काय, मी चक्रावले. तर तिथल्या उपासाला मासा चालत नाही, पण ऑक्टोपस, माकुल, कोलंबी, शिंपले चालतात. एकाच उपासाच्या यादीतून त्याने फावा घेतलं आणि मी व्हिनेगरमधला ऑक्टोपस. आई असती तर तिने धर्मच बदलला असता. हो, यात एक सावधगिरी: निस्तिसिमो म्हटल्यावरही "समुद्रातलं काही आहे का" हे व्हीगन माणसाने विचारायलाच हवं.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. जाऊबाईंचं उत्तर लगेच आलं, "मग थेपले न्यायचे का नाही, तेवढं सांग." न्या. दही न घालता लाटा. आमचे सव्वीस उरले होते. परतीच्या विमानाला पाच तास उशीर झाला, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या दोन पोलिश मुलींनी त्यातले नऊ संपवले.