पिशवी तेवढी परत दे

आमच्या घरातली शेवटची प्लास्टिकची पिशवी नवऱ्याने रविवारी भंगारवाल्याला दिली आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी तिची गरज पडली. एसटीत, म्हसळ्याच्या अलीकडच्या वळणांवर. पण ते पुढे.

सुरुवात झाली थोरलीपासून. वय वर्षं सहा. शाळेत तिला कुणीतरी समुद्री कासवांचा व्हिडिओ दाखवला. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळतं, हे कळल्यावर ती रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा बाप पेटला. त्याला पेटायला फारसं काही लागत नाही. मागच्या वर्षी तो ज्वारीवर पेटला होता, त्याआधी मातीच्या भांड्यांवर. ती भांडी अजून माळ्यावर आहेत.

ठरलं असं की मार्चमध्ये कोकणातल्या वेळासला जायचं, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची, पण गाडी न्यायची नाही. "कासवं बघायला डिझेल जाळत जायचं?" नवरा म्हणाला. प्रश्न इतका बरोबर होता की मला उत्तर सुचेना, आणि आमच्या घरात उत्तर सुचलं नाही की तो होकार धरतात. मग डोंबिवलीहून दिवा, दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजरने माणगाव, पुढे एसटी, बागमांडल्याला रिक्षा, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, तिथून पुन्हा रिक्षा. सोबत अडीच वर्षांचा धाकटा, जो जगात एकच वाहन मानतो. माझी कड.

पर्यावरणाला वजन असतं हे कुणी आधी सांगत नाही. स्टीलच्या चार बाटल्या, त्याही भरलेल्या. स्टीलचे डबे, वाट्या, चमचे, पेले. कापडी नॅपकिन. आणि डायपर बंद म्हणून चौदा लंगोट, सहा दुपटी, शिवाय ओले लंगोट ठेवायला वेगळी थैली. मी सगळं एकत्र बांधून वजनकाट्यावर ठेवलं. सतरा किलो. पूर्वी आम्ही एक पाठपिशवी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन कोकणात जात होतो, तेव्हा पृथ्वीचं नुकसान होत होतं पण माझी कंबर शाबूत होती.

हे सगळं बघून मी एक गुन्हा केला. पर्सच्या चोरकप्प्यात सहा डायपर घातले. वर रुमाल, त्यावर हळदीकुंकवाची डबी.

गाडीत नवऱ्याने आम्हाला सांगितलं की २०२२ पासून अख्खी कोकण रेल्वे विजेवर धावते, इंजिनाचा धूर नाही. धाकट्याने हे ऐकून पेण यायच्या आत दोन लंगोट संपवले. ओला लंगोट थैलीत कोंबण्याऐवजी नवऱ्याने तो खिडकीच्या गजाला बांधला. वाऱ्यावर तासाभरात वाळेल, सौरऊर्जा वगैरे. नागोठण्याला चढलेला एक गृहस्थ बराच वेळ त्या फडफडणाऱ्या लंगोटाकडे बघत उभा राहिला आणि मग अदबीने म्हणाला, "वैनी, जागा धरलीत का कुणासाठी?"

माणगावला एसटीत कंडक्टरने आमचा हिशोब केला. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून मी अर्धी. थोरली पाचाच्या वरची, म्हणजे तीही अर्धी. धाकटा फुकट. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं, आणि बसायला जागा मिळाली नाही तीही फक्त त्यालाच. सतरापैकी अकरा किलो त्याच्या खांद्यावर होतं. मला फार वाईट वाटलं असं नाही.

मग ती वळणं लागली.

मराठी आईच्या पर्समध्ये गाडी लागणाऱ्या पोरासाठी तीन वस्तू असतात: आवळा सुपारी, लिंबू आणि पिशवी. मी धाकट्याचा चेहरा बघितला. ओठांभोवती पांढरं झालं होतं, आणि तो गप्प होता. तो गप्प असणं हीच शेवटची सूचना. मी म्हटलं, "पिशवी!" नवऱ्याने तत्परतेने पिशवी दिली. ज्यूटची. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी प्लास्टिकला नाही म्हणतो'.

ज्यूट ही विणलेली वस्तू आहे. म्हणजे तिला भोकं असतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

दुसरा झटका येणार हे दिसत होतं. मी डब्याचं झाकण उघडायला घेतलं, तर आत तिखटमिठाच्या पुऱ्या. "त्यात नाही!" थोरली किंचाळली. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरच्या आजींनी आपली कापडी पिशवी उघडली, तिच्यातून दुसरी काढली, आणि त्या दुसरीतून चौकोनी घडी घातलेली एक प्लास्टिकची पिशवी. "घे गो बाय, धर त्याच्या तोंडाशी." मी धरली. अगदी वेळेवर.

जरा शांत झाल्यावर मी ती पिशवी नीट बघितली. कुठल्याशा साडीच्या दुकानाची, जाड, रंग उडालेली. खाली दुकानाचा पाच आकडी फोन नंबर. राज्यात पिशव्यांवर बंदी आली २०१८ साली. ही त्याच्याही कितीतरी आधीची असणार. एका बंदाला सुतळीची गाठ मारून डागडुजी केलेली. मी "थँक्यू आजी" म्हणून ती म्हसळ्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या बेतात होते, तर आजींनी माझं मनगट धरलं.

"टाकतेस काय? धुऊन दे हां माझी पिशवी."

म्हसळ्याच्या स्टँडवर नळाखाली मी ती पिशवी धुतली, उलटी करून पुन्हा धुतली, आजींनी उजेडाकडे धरून तपासली आणि म्हणाल्या, "कोपरा राहिलाय." कोपरा धुतला. मग त्यांनी ती झटकली, पुन्हा चौकोनी घडी घातली आणि ठेवून दिली. नवरा हे सगळं बघत होता. त्याच्या हातात ती ज्यूटची पिशवी होती, लांब धरलेली, थेंब गळणारी.

फेरीबोटीवर पुण्याच्या तीन भल्यामोठ्या गाड्या आमच्याबरोबर चढल्या. गाड्यांतली पोरं काचेआड एसीत चिप्स खात होती. थोरलीने त्यांच्याकडे ज्या तुच्छतेने पाहिलं ती तिला तिच्या आत्याकडून मिळाली आहे. मी मात्र एसीकडे बघत होते. आणि खाडीच्या मध्यावर चौदावा लंगोट संपला. मी पर्स घेऊन कठड्याच्या कोपऱ्यात गेले, रुमाल काढला, डबी काढली. मागून आवाज आला, "बाबा! आईकडे प्लास्टिक आहे!" अख्ख्या बोटीने वळून पाहिलं. चिप्सवाल्यांनीही काच खाली केली.

वेळासला ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी केळीच्या पानावर भात, आमसुलाचं सार आणि फणसाच्या कुयरीची भाजी वाढली. जेवण झाल्यावर पानं गाईला गेली. नवरा भारावून बघत बसला. काकूंना त्याचं कौतुक कळेना. "घासायला कंटाळा येतो हो ताटं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात अंड्यांचे खड्डे, त्यांवर टोपल्या. थांबलो तोवर नवऱ्याने माहिती दिली की ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांत नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. गरम असेल तर माद्या, गार असेल तर नर. "मग बाळाच्या वेळी आईला थंडी वाजत होती का?" थोरलीने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. स्वयंसेवकाने टोपल्या उचलल्या. एकाही टोपलीखाली काही नाही. पिल्लं कधी यायची हे ती पिल्लंच ठरवतात. सहा वाहनं, सतरा किलो, चौदा लंगोट, शून्य पिल्लं.

सकाळी सात वाजता पुन्हा गेलो. या वेळी टोपली उचलली आणि वाळूच हलायला लागली. अकरा होती. थोरलीच्या तळहातावर मावतील एवढी, काळपट. दोरीच्या पलीकडे सोडल्यावर ती वल्हवत निघाली. एक थोरलीच्या पावलाच्या ठशात पडलं, धडपडून वर आलं, लाटेने मागे ढकललं, पुन्हा निघालं. धाकटासुद्धा गप्प होता. मी घाबरून त्याच्या ओठांकडे बघितलं. नाही, नुसताच गप्प.

"ह्यांची आई कुठेय?" थोरलीने विचारलं.

"ती गेली," स्वयंसेवक म्हणाला. "रात्री येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात जाते. परत बघायला येत नाही."

"मग ह्यांचं सगळं कोण करतं?"

"कुणी नाही. ही आपापली जातात."

माझ्या कडेवर धाकटा होता, ओला. पाठीवर बाटल्या होत्या. डाव्या हातात वापरलेल्या डायपरांचं पुडकं, जे नवऱ्याच्या आणि थोरलीच्या संयुक्त निकालानुसार डोंबिवलीपर्यंत परत न्यायचं होतं.

"म्हणजे," मी विचारलं, "रिकाम्या हाताने जाते?"

त्याने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कासवाला हात कुठे असतात, वहिनी?"