स्ट्रएनकॉपी नल स्वतः लावत नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

लातुरातल्या आमच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरायलाय. 'सी मध्ये स्ट्रिंगचा तुकडा काढायचाय? स्ट्रएनकॉपी वापरा, ती स्ट्रकॉपीचं सेफ व्हर्जन आहे, शेवटचा नल ती स्वतः लावते. स्वल्पविरामावर तोडायचं तर स्ट्रटोक. मराठीला पण हेच चालतं.' (हे सगळं सी या प्रोग्रामिंग भाषेतलं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ, नल म्हणजे ती संपली हे सांगणारा शून्य बाइट. स्ट्रकॉपी अख्खी स्ट्रिंग कॉपी करते, स्ट्रएनकॉपी जास्तीत जास्त एन अक्षरं, आणि स्ट्रटोक दिलेल्या चिन्हावर तुकडे पाडते.) प्रॅक्टिकल तोंडावर आलेत आणि पोरं हे पाठ करायलेत, म्हणून लिहायलोय.

नल आपोआप लागतो हे साफ चूक आहे. गाडीचा नंबर घ्या, एमएच२४ ने सुरू होणारा, आपल्याला त्यातला २४ पाहिजे म्हणजे लातूर. पहिली दोन अक्षरं सोडून पुढची दोन कॉपी करा म्हणलं की स्ट्रएनकॉपी बरोब्बर दोन अक्षरं टाकते आणि थांबते, नल नाही. सोर्समध्ये, म्हणजे जिथून कॉपी करतो त्या स्ट्रिंगमध्ये, एन अक्षरं व्हायच्या आत नल आला तरच तो कॉपी होतो, आणि तुकडा काढताना आपण बहुतेक वेळा मधूनच तोडतो, म्हणजे जिथं नल लागत नाही नेमकी तीच केस आपली. मग प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर छापणारं फंक्शन, २४ च्या पुढं मेमरीत जे पडलंय ते छापत सुटतं.

'पण सर माझ्याकडं तर बरोबर येतंय.' येणारच, तुमचा ॲरे (तुकडा ठेवायची जागा) ग्लोबल असंल, म्हणजे सगळ्या फंक्शनच्या बाहेर लिहिलेला, ग्लोबल ॲरे आधीच शून्यानं भरलेला असतो. तोच ॲरे फंक्शनच्या आत घ्या, आधी मुद्दाम कचरा भरा आणि मग बघा, कारण न भरता नशिबानं तिथं शून्य सापडू पण शकतं.

सेफ म्हणून ती बनलेलीच नव्हती. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइटची ठरलेली जागा असायची, नाव छोटं असलं तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची आणि पूर्ण १४ चं असलं तर नल लावायचाच नाही. स्ट्रएनकॉपी आजही तंतोतंत हेच करते. त्यामुळं एन जर तुमच्या ॲरेपेक्षा मोठा दिला तर ती शून्यं भरत भरत ॲरेच्या बाहेर जाते.

मग २४ काढायचा कसा? तीनचा ॲरे घ्या, मेमकॉपीनं (सांगितले तेवढे बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) पहिली दोन अक्षरं सोडून पुढचे दोन बाइट उचला, तिसऱ्या जागी नल स्वतःच्या हातानं लावा. मात्र त्याआधी स्ट्रलेननं, म्हणजे स्ट्रिंगची लांबी बाइटांत मोजणाऱ्या फंक्शननं, बघा की स्ट्रिंग तेवढी लांब आहे का, कारण चारपेक्षा छोटी असली तर तुम्ही तिच्या बाहेरचं उचलणार.

स्ट्रटोकचं थोडक्यात. ती स्वल्पविरामाच्या जागी नल टाकून मूळ स्ट्रिंगच बदलते, स्ट्रिंग लिटरल, म्हणजे कोडमध्ये अवतरणात थेट लिहिलेली स्ट्रिंग, दिलं तर लिनक्सवर प्रोग्राम बहुतेक तिथंच पडतो. आणि दोन स्वल्पविराम लागून आले तर मधला रिकामा कॉलम गायब, पुढचं सगळं एक घर सरकतं.

मराठीचं तर अजिबात पटत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) 'बीड' चं स्ट्रलेन ९ येतं, कारण ब, दीर्घ वेलांटी आणि ड, प्रत्येकी ३ बाइट. दोन बाइट कापले तर अख्खा ब सुद्धा हाती येत नाही, स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. ३ कापले तर नुसता ब, 'बी' पाहिजे तर ६ लागतात. कापायच्या जागेवरचा बाइट बायनरीत १० या दोन बिटांनी सुरू होत असंल तर तुम्ही एखाद्या चिन्हाच्या मधी उभे आहात, तिथून मागं सरका आणि मग कापा.