पत्ता बदललाय, नवीन अर्ज करा

आमच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टना ५१ मिनिटं लागायची. त्यातल्या खऱ्या टेस्ट सहा मिनिटांच्या. बाकी सगळं सी प्लस प्लसचं तेच ते दळण, म्हणजे कोड कंपाइल करून मशीनला चालेल असा करणं. कुठे एक स्वल्पविराम हलला तरी सर्व्हर नवं फोल्डर काढून ९०० फाईली पहिल्यापासून कंपाइल करणार. एक पाहुणा आला म्हणून घरातलं सगळं धान्य गिरणीत नेण्यासारखं.

म्हणून मी सी-कॅश बसवलं. सांबा हे फाईल शेअरिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी २००२ साली आणलेलं हे जुनं, भरवशाचं हत्यार. एकदा कंपाइल केलेलं डब्यात भरून ठेवायचं, पुन्हा तेच मागितलं की डब्यातून काढून द्यायचं. टीमला म्हटलं, "दुसरा रन बघाच."

दुसरा रन ५३ मिनिटांचा झाला. डबा उघडझाप करण्याची दोन मिनिटं वाढली होती.

आकडे काढले. हिट, म्हणजे डब्यातून काढून दिलेलं, ०. डबा शिगोशीग भरलेला, आणि दर वेळी ताजं दळण चालूच!

दोन दिवसांनी कळलं की सी-कॅश हा तालुक्याच्या कचेरीतला कारकून आहे. कोड बघतो, हेडर (कोडात ओढलेल्या फाईली) बघतो, फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) बघतो, कंपायलरची तारीख आणि साइजसुद्धा बघतो. त्यात आम्ही डीबगसाठी, म्हणजे चुका शोधायला, '-जी' हा फ्लॅग लावतो. ते लावलं की साहेब राहता पत्ताही तपासतात, म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये बसून कंपाइल केलं ते. आमच्या फोल्डरच्या नावात तारीख, वेळ, अगदी सेकंदसुद्धा. माणूस तोच, आधार तोच, पण पत्ता बदललाय, नवीन अर्ज करा.

नावात सेकंद घालायची अक्कल कुणाची, हे गिट ब्लेमला, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणाऱ्या कमांडला, विचारलं. विचारायला नको होतं.

सी-कॅशचं बेस-डिर हे सेटिंग लावून पत्ते आखूड केले, हॅश-डिर हे दुसरं बंद करून पत्त्याची तपासणीच काढून टाकली. पुढचा रन नऊ मिनिटांत संपला. शाबासकी राहिली बाजूला, सगळ्यांना वाटलं टेस्ट चालल्याच नाहीत! शेवटी एक टेस्ट मुद्दाम मोडून लाल, म्हणजे नापास, करून दाखवली, तेव्हा कुठे विश्वास बसला.

शुक्रवारी एक टेस्ट क्रॅश झाली. क्रॅश कोडात कुठे झाला ते दाखवणारा डीबगर, जीडीबी, उघडला. पठ्ठ्या सोर्स शोधत होता मंगळवारी दुपारच्या फोल्डरमध्ये. डब्यातल्या मालावर पत्ता तेव्हाचाच होता ना! आणि ते फोल्डर माझ्याच साफसफाईच्या स्क्रिप्टनं बुधवारी पहाटे उडवलं होतं.