मिलमधले चौदा तास आणि अर्ध्यावर सोडलेली गोळी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, एक लांबलचक संदेश पाठवला. मथळा होता ‘आजच्या पिढीला झाले तरी काय?’, त्याखाली सात मुद्दे होते आणि शेवटी ‘किमान दहा तरुणांपर्यंत पोहोचवा’ अशी आज्ञा होती. असे संदेश मी एरवी वाचतही नाही. याला मात्र उत्तर लिहिणे भाग आहे, कारण ज्या तरुणांपर्यंत तो पोहोचला त्यांतली पहिली माझी भाची होती आणि तो वाचून तिने डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद केले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. आपले आजोबा मिलमध्ये चौदा-चौदा तास राबले, पण त्यांना कधी डिप्रेशन झाले नाही. मेहनतीने कोणी मरत नाही, मोठे उद्योगपतीही आठवड्याला सत्तर तास काम करा असेच सांगतात. जपानी माणूस सर्वांत जास्त काम करतो आणि सर्वांत जास्त जगतो. नैराश्याच्या गोळ्या ही एक नशा आहे, एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, आणि हा सगळा औषध कंपन्यांचा डाव आहे. समुपदेशक पैसे घेऊन ऐकतो, आई-वडील फुकट ऐकतात. ऑफिसात कळले तर नोकरी जाईल, म्हणून असले काही कोणाला सांगू नये. आणि शेवटी, पहाटे चारला उठावे व मोबाइल सोडावा.

मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये रामबागेजवळ माझे औषधांचे दुकान आहे आणि बावीस वर्षे मी चिठ्ठ्या वाचून औषधे देत आलो आहे. त्यामुळे सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करतो. बाकीच्या सहांनी मिळून झाले नसेल तेवढे नुकसान त्या एकाने केले आहे.

भाची चोवीस वर्षांची आहे. विजयनगरमधील एका खासगी वित्तसंस्थेत गृहकर्ज विकण्याची तिची ही पहिलीच नोकरी. वर्षअखेरीच्या धावपळीनंतर तिची झोप गेली, जेवण सुटले, आणि रविवारची संध्याकाळ झाली की ती खोलीचे दार लावून रडू लागली. ताईने महिनाभर वाट पाहिली आणि मग तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली, पहिल्या दोन आठवड्यांपुरती झोपेसाठी क्लोनाझेपाम दिली आणि ती दुसरी गोळी ठरल्या दिवशी बंदही केली. सातव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी भाची स्वतःहून पोहे-जलेबीचा पुडा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. जिच्या घशाखाली दोन महिने घास उतरत नव्हता तिने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले, तेव्हा माझी बायको आत जाऊन डोळे पुसून आली.

त्यानंतर दहा दिवसांनी हा संदेश आला. मंगळवारी तिने गोळी बंद केली आणि शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली ती काउंटरला धरूनच. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखे होते, मळमळते, विनाकारण चिडचिड होते, असे तिने सांगितले. आणि पुढे म्हणाली, ‘‘मामा, बाबांनी पाठवलं होतं ते खरंच निघालं. मला सवय लागलीये.’’

या मुद्द्यातला खरा धोका इथे आहे. संदेश वाचून माणूस गोळी एकदम सोडतो, एकदम सोडल्याचा त्रास त्याला होतो, आणि तो त्रासच संदेशाचा पुरावा ठरतो. वास्तविक एस्सिटालोप्रामच्या गटातील औषधांशी शरीराने काही आठवड्यांत जुळवून घेतलेले असते, म्हणून ती अचानक थांबवली की अनेकांना चक्कर, मळमळ, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना असा त्रास होतो. ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असतात, आणि वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना त्यासाठी कित्येक महिनेही लागू शकतात. मात्र व्यसन म्हणजे वेगळी गोष्ट. व्यसनात पदार्थाची ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, मिळाला नाही तर माणूस वाटेल ते करून तो मिळवतो. एस्सिटालोप्रामसाठी असे वेडेपिसे झालेले गिऱ्हाईक बावीस वर्षांत माझ्या काउंटरवर आलेले नाही. उलट ‘आठ दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून उरलेल्या गोळ्यांचा पत्ता परत करू पाहणारे नेहमी येतात, आणि परिणाम दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात हे मला त्यांना सांगावे लागते.

मेहुण्यांना मी एवढेच विचारले की, रक्तदाबासाठी तुम्ही रोज घेता ती मेटोप्रोलॉल उद्यापासून एकदम बंद कराल का? तीही अचानक थांबवली तर छातीत दुखण्यापर्यंत वेळ येऊ शकते, म्हणून तीही हळूहळूच कमी करतात. त्यावरून तुम्हाला मेटोप्रोलॉलची नशा लागली आहे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

‘जन्मभर’ हा शब्दही असाच हवेत सोडलेला आहे. नैराश्य पहिल्यांदाच आले असेल तर बरे वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग ते कमी करत थांबवण्याची रीत आहे. पुन्हा पुन्हा आजार उलटणाऱ्यांना ते जास्त काळ घ्यावे लागते, आणि मधुमेहाची गोळी वीस वर्षे घेणाऱ्यांच्या देशात त्याचा एवढा बाऊ का व्हावा, हे मला समजत नाही. राहिला कंपन्यांचा डाव. एस्सिटालोप्राम डझनावारी कंपन्या बनवतात, केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते. डाव रचायचा तर कंपन्यांनी याहून महागडे औषध निवडले असते.

आता, नाइलाजाने, त्यातले अर्धसत्यही मान्य करतो. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलामची, सवय खरोखर लागते. ‘‘भैया, एक पत्ता दे दो, चिठ्ठी घर पे रह गई’’ असे म्हणणारा माणूस आठवड्यात एकदा तरी माझ्याकडे येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. २०१४ पासून अल्प्राझोलाम ‘शेड्यूल एच-१’ या सरकारी यादीत आहे, ती देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. एस्सिटालोप्रामलाही चिठ्ठी लागतेच, पण ती या नोंदवहीत येत नाही. कायद्याने जो फरक केला आहे, तो संदेश लिहिणाऱ्याने पुसून टाकला. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून महिनोन्‌महिने देण्याची जी पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, तीही मला पटत नाही, कारण क्लोनाझेपाम अल्प्राझोलामच्याच गटातली आहे, त्यामुळे सवय लावणारी गोळी सवय न लावणाऱ्या गोळीबरोबर पोटात जाते आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. तुमच्या चिठ्ठीत नेमके काय आहे, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा, पण गोळी बंद करून मग विचारू नका.

भाचीने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, गोळी पुन्हा सुरू झाली आणि चार-पाच दिवसांत ते झटके थांबले.

आता मिलचे चौदा तास. हा मुद्दा इंदूरच्या माणसाने पुढे पाठवावा, याचे मला जास्त वाईट वाटले. माझे आजोबा इथल्याच एका कापडमिलमध्ये होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराचे काम दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर बांधले होते आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट मजुरी ठरवली होती. पाळी संपल्याचा भोंगा झाला की आजोबा घराकडे निघत, आणि त्या भोंग्यानंतर मुकादम त्यांच्यामागे घरापर्यंत येत नसे. अनंत चतुर्दशीच्या ज्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, पाहायला आजही सारे शहर रात्रभर रस्त्यावर असते, त्या इथल्या मिलच्या कामगारांनीच उभ्या केल्या. रोज चौदा तास राबून आलेल्या माणसांच्या हातून हे झाले असते का?

आणि त्यांना नैराश्य आले नाही, हे कोणी मोजले होते? इथलीच हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. मधल्या तीस वर्षांत त्या घरांतून जे झाले असेल त्याला तेव्हा कोणी नाव दिले नाही. आमच्या गल्लीत अशा माणसाला ‘डोके फिरले’ म्हणत आणि मुलांना बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाची भीती घालत. नाव नव्हते म्हणून दुखणेही नव्हते, असा हा हिशेब आहे.

मेहनतीने कोणी मरत नाही, या विधानाला मी एकच आधार देतो, कारण तो पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून केलेला अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात आढळले. एकट्या २०१६ या वर्षी अशा दीर्घ तासांमुळे पक्षाघात व हृदयविकाराने जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्याचा अंदाज आहे. हे आकडे साऱ्या लोकसंख्येचे आहेत, कोणा एकाचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही, हे मान्य. पण भाची सकाळी दहा ते रात्री साडेआठ, आठवड्यातले सहा दिवस शाखेत असते. हे त्रेसष्ट तास झाले, आणि त्यात घरून केलेले फोन धरलेले नाहीत.

उद्योगपतींचे म्हणाल तर इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले होते, हे खरे आहे. परंतु स्वतः उभारलेल्या कंपनीतले सत्तर तास आणि भाचीचे त्रेसष्ट तास यांची जात एक नाही. तिचे टार्गेट मुंबईत ठरते. फाइल तिने लॉगिन करायची, म्हणजे कर्जाचा अर्ज दाखल करायचा, मंजुरी क्रेडिट विभागाने द्यायची, रक्कम तिसऱ्याच कोणी सोडायची, आणि महिनाअखेरीस आकडा कमी पडला की सर्वांसमोर उभी राहणार ती. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, जो १९६७ मध्ये सुरू झाला, सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला होता. खालच्यांचे धूम्रपान वगैरे जमेस धरूनही हा फरक पुरता मिटला नाही, आणि पुढच्या अभ्यासात कामावर स्वतःचा ताबा नसणे हे हृदयविकाराच्या या फरकाचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. जबाबदारी वरच्यांवर आणि ताणही वरच्यांनाच, हा आपला लाडका समज त्या आकड्यांत बसत नाही.

जपानबद्दल फार लिहीत नाही. ज्या देशाच्या भाषेत अतिकामाने येणाऱ्या मरणाला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, ज्याने २०१४ मध्ये ते रोखण्यासाठी कायदा केला आणि २०१९ पासून जादा कामाच्या तासांवर मर्यादा घातली, त्याचे नाव या संदेशात घालणाऱ्याने निदान तेवढा शब्द तरी शोधायला हवा होता.

समुपदेशकांच्या बाबतीत काही अंशी सहमत आहे. फी परवडत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ऐकणारे आई-वडील असले तर उत्तमच. पण भाचीच्या घरी ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी सुरू न होणारे वाक्य ऐकायला मिळणे कठीण होते, हे ताईही आता कबूल करते. फुकटच ऐकणारे कोणी हवे असेल तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येते.

ऑफिसात सांगू नये, हा सल्ला वाचून मी थोडा थांबलो, कारण तो भित्रा असला तरी सर्वस्वी खोटा नाही. नुकत्याच लागलेल्या, प्रोबेशनवरच्या मुलीने वरिष्ठांना काय आणि किती सांगावे, हे तिने तिथली माणसे पाहूनच ठरवावे. भाचीने ‘तब्येतीचे कारण’ एवढेच लिहून रजा घेतली आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. पण संदेश म्हणतो ‘कोणाला’ सांगू नये, आणि त्या एका शब्दात घर, मित्र, डॉक्टर सगळेच येतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला देतो, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच अटींवर संरक्षण द्यावे असेही सांगतो. ऑफिसच्या भीतीने डॉक्टरांकडेच न जाणाऱ्याला यातले काहीच उपयोगी पडत नाही.

पहाटे चारला उठण्याविषयी माझे काही म्हणणे नाही, फक्त माणूस आदल्या रात्री झोपलेला असावा. मोबाइल सोडण्याचा सल्ला मात्र मला मनापासून मान्य आहे, आणि तो मेहुण्यांनी भाचीऐवजी तिच्या शाखाप्रमुखांना पाठवावा, कारण रात्री पावणेदहाला ‘कल कितना लॉगिन आएगा?’ हा प्रश्न त्याच मोबाइलवर येतो आणि त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या की तिला उत्तर द्यावेच लागते.